चादरीला पास नव्हता

सोलापूरचं ऊन सकाळी आठलाच कामावर हजर होतं. चिंचोळी एमआयडीसीत आमच्या फॅक्टरीच्या फाटकावर मी साडेसातला उभी राहते, तेव्हा समोरचा रस्ता काळा असतो. नऊपर्यंत तो पांढरा दिसायला लागतो. अकरा वाजता वाटतं, त्याच्यावरून पाणी वाहतंय, आणि पलीकडच्या कंपनीची भिंत त्या पाण्यात हलते. दुपारी झडतीच्या टेबलाला हात लागला तर चटका बसतो, म्हणून त्या पत्र्यावर आम्ही गोणपाट अंथरतो. फाटकाजवळच्या कडुलिंबाला मोहोर आलाय. बारीक पांढरी फुलं रजिस्टरवर पडत राहतात, फुंकर मारून लिहावं लागतं.

दर वर्षी हे असंच. पण यंदा पहिली फुलं पडली आणि माझा हात कागदावर थांबला. कर्नल साहेब पहिल्यांदा या फाटकातून आत आले तेव्हा हीच फुलं पडत होती. त्याला सहा उन्हाळे झाले. यंदा ऊन नुकतं तापायला लागलं होतं, तेव्हा ते गेले. आणि ते गेल्यानंतर माझ्यापुढे एक टाइप केलेला कागद आला. सही केली तर नोकरी राहणार, नाही केली तर महिनाअखेरीला जाणार. कागदावर लिहिलं होतं, ‘माझ्या हातून कर्नल साहेबांच्या पार्थिवाचा अपमान झाला, त्यामुळे त्यांच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावल्या, याचा मला पश्चात्ताप होत आहे.’

आधीच सांगून टाकते. होत नाही.

मी धीट बाई आहे असं मात्र कुणी समजू नये. घरून निघताना गॅसचं बटण मी तीनदा बघते. कुलूप ओढून बघते, कोपऱ्यापर्यंत जाते, परत येते, पुन्हा ओढते. पाकिटावर इंग्रजी दिसलं की ते मी उलटं करून ठेवते. आठवीत माझी शाळा सुटली. आमचं गाव गोंदियाच्याही पलीकडे, तलावाच्या काठी. नववीची शाळा दोन नाल्यांपलीकडे होती. पावसाळ्यात नाले भरले की पोरींना कुणी पाठवत नसे. माझ्या बाबतीत नाले उतरले तरी पाठवलं नाही. लग्न झालं, आमच्या ह्यांना इकडे रंगखात्यात काम लागलं, आणि धानाच्या मुलखातली बाई ज्वारीच्या मुलखात आली. फाटकावर बायकांची झडती घ्यायला बाईच लागते, म्हणून मला निळा शर्ट, निळी पँट आणि शिट्टी मिळाली. सुरुवातीला तोंडातून ‘का’ऐवजी आमच्याकडचं ‘काहून’ गेलं की सगळी रांग हसायची. शिलाई खात्यातली यल्लव्वा, जिच्या जिभेला सुट्टी नसते, ती एकदा मोठ्याने म्हणाली होती, “काहून म्हंजे काय गं अक्का? खात्यात का अंगाला लावत्यात?”

तिकडे माझ्या गावी याच दिवसांत पहाटे मोहफुलं पडतात. जमीन पिवळसर होते, आणि तो गोड, जड वास घरात शिरतो. इकडे आल्यावर वाटलं होतं, या उघड्या मुलखात कसलाच वास नसेल. तर कडुलिंब. इतक्या कडू झाडाची फुलं अशी मऊ दरवळतात, हे मला सोलापुरातल्या उन्हाने शिकवलं.

साहेब येण्याआधीचे उन्हाळे आठवले की मला माझीच लाज वाटते. साडेपाचला भोंगा व्हायचा. शंभर-दीडशे बायका बाहेर यायच्या. टॉवेलच्या सुताचं तूस त्यांच्या भुवयांवर, केसांत, ओठावरच्या घामावर चिकटलेलं असायचं. लांबून पाहिलं तर आठ तासांत सगळ्या एकदम म्हाताऱ्या होऊन आल्यासारख्या. त्यांची उन्हात रांग लागायची. मी प्रत्येकीच्या पिशवीत हात घालायची, डबा उघडायची, कमरेवरून हात फिरवायची. मला शिकवलंच तसं होतं. त्याच वेळी शेजारून ऑफिसातल्या साहेब लोकांच्या गाड्या निघायच्या, काळ्या काचांच्या. एका हाताने कुणाची तरी पिशवी धरून दुसऱ्या हाताने मी गाडीला सलाम ठोकायची. आत कोण आहे तेही दिसायचं नाही. काचेत मीच दिसायची, सलाम करताना.

“अक्का,” यल्लव्वा एकदा म्हणाली, “माज्या डब्यात अर्दी भाकरी हाय. त्या गाडीत अख्खी गादी मावंल. तिकडं बी बग की जरा.”

“गप. पुढं चल,” मी म्हटलं. मला तिचा भयंकर राग आला होता. ती खोटं बोलली असती तर आला नसता.

आणि मग एका सोमवारी कर्नल साहेब आले, सुरक्षा अधिकारी म्हणून. सारी उमर सैन्यात काढलेली. मोहोळच्या बाजूला त्यांचं गाव. निवृत्त होऊन तिथे परतले, पण घरात बसवेना. उंच नव्हते. मिशी नव्हती. बायकांची निराशाच झाली. “ह्यो कर्नल व्हय?” यल्लव्वा कुजबुजली, “आमच्या दूध डेरीचा सेक्रेटरी दिसतोय की!”

त्या दिवशी संध्याकाळी त्यांची जुनी पांढरी गाडी फाटकाशी आली. मी फाटकाचा आडवा दांडा वर केला, टाच आपटून सलाम केला. गाडी बाहेर गेली, थोडी पुढे जाऊन थांबली. साहेब उतरले आणि हातात कॅनव्हासची पिशवी घेऊन उन्हातून चालत परत आले.

“माझी पिशवी कुणी बघायची?”

मी गडबडले. “साहेब, तुमची कशाला?”

“कशाला म्हणजे? मला काय खिसे नाहीत?”

एवढं बोलून ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. शेवटच्या बाईच्या मागे, पदरापासून दोन हात लांब. सगळी रांग वळून बघायला लागली. कुणी हसलं नाही. अर्धा तास तरी गेला असेल. त्यांची पाळी आली तेव्हा सवयीने माझा हात पिशवीकडे गेला. त्यांनी पिशवी मागे घेतली.

“हात आत नाही घालायचा. ज्याची पिशवी तो उघडेल. तुम्ही बघायचं. बघण्याने काम होतं, प्रमिलाबाई.”

माझं नाव त्यांनी कुठून मिळवलं कोण जाणे. तोवर फाटकावर मला सगळे ‘ए गार्ड’ म्हणायचे.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांसाठी तोच नियम. कमरेवरून हात फिरवणं बंद. माझ्या फाटकावर गाड्यांना सलाम ठोकणंही बंद. आठवड्याच्या आत रांगेवर सावलीची हिरवी जाळी आली. आणि मग मॅनेजर साहेबांची गाडी. पहिले आठ दिवस कर्नल साहेब स्वतः तिच्यापुढे उभे राहायचे. आवाज न चढवता म्हणायचे, “सर, डिकी प्लीज.” मॅनेजर साहेब काय काय बोलायचे. कर्नल साहेब ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि पुन्हा म्हणायचे, “डिकी प्लीज.” नवव्या दिवशी मला म्हणाले, “आता तुम्ही.”

माझे पाय लटपटत होते. गाडी आली, मी पुढे झाले, आणि बघते तर साहेब माझ्याकडे पाठ करून कडुलिंबाकडे बघत उभे! डिकी उघडली गेली, बंद झाली, गाडी गेली. मी रडकुंडीला येऊन विचारलं, “साहेब, पाठ काहून केली?”

“मी बघत असतो तर तुम्ही माझ्या जिवावर थांबवली असती,” ते म्हणाले. “आता तुमच्या जिवावर थांबली.”

मग म्हणाले, “सगळ्यांची झाली तर ती रीत. थोड्यांचीच झाली तर तो संशय. संशय मनात घेऊन कुणी घरी जाऊ नये.”

तो उन्हाळा मी विसरणार नाही. तसं त्यात घडलं काय? ऊन होतं. माठावर ओलं गोणपाट होतं. बायका रांगेत उभ्या राहून आपापल्या पिशव्या उघडायच्या, आणि त्यांच्या उघडण्यात हळूहळू एक तोरा यायला लागला. यल्लव्वा तर डब्याचं झाकण असं काढायची जसं काही आत दागिने आहेत. “बगा मॅडम, नीट बगा. शेंगाची चटनी हाय. घ्यायची असंल तर घ्या, पास लागत न्हाई!” फाटकावर हसू ऐकू यायला लागलं ते त्या उन्हाळ्यात.

माणूस ओळखायला लोक काय काय करतात. मी कर्नल साहेबांना त्यांच्या पिशवीतून ओळखलं. सहा वर्षं, रोज संध्याकाळी, ते ती माझ्यापुढे उघडायचे. स्टीलचा डबा. थर्मास. चष्म्याची दोन घरं, एक नेहमी रिकामं. विभूतीची छोटी डबी. आणि सुई-दोऱ्याची एक खाकी पुरचुंडी; आपली बटणं ते स्वतः लावायचे, आणि एकदा माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण बघून पुरचुंडी माझ्यापुढे सरकवली होती. दिवाळीला फॅक्टरी प्रत्येकाला टॉवेलची जोडी देते. बाकी साहेब लोक ती गाडीत टाकून जायचे. फॅक्टरीचा माल बाहेर न्यायला सहीचा पास लागतो; हे टॉवेलवर तो पास ठेवून आणायचे आणि मी वाचेपर्यंत थांबायचे.

आता फाटकाबाहेर मॅनेजर साहेबांनी कर्नल साहेबांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावलाय. त्यात त्यांच्या हातात बंदूक दिलीय आणि मागे रणगाडा. चेहरा त्यांचा, पण मिशी कुणाची तरी दुसऱ्याची बसवल्यासारखी. लढाईबद्दल ते आमच्याशी एक शब्द बोलत नसत. “साहेब, तुमी किती दुश्मन मारलं वो?” यल्लव्वाने एकदा रांगेतून विचारलं होतं. “गणित कच्चं आहे माझं,” साहेब म्हणाले, “म्हणून तर सैन्यात गेलो.” रांग हसली. मग तेच पुढे म्हणाले की, बर्फातल्या चौकीवर जवानांचं जेवण झाल्याशिवाय साहेबाने ताटाला हात लावायचा नसतो. चौकीवर साहेबाची ओळख तेवढीच, तो शेवटी जेवतो. कॅन्टीनमध्ये ते नेहमी शेवटच्या पाळीला का यायचे ते आम्हाला त्या दिवशी कळलं. त्या फ्लेक्सवर बंदुकीऐवजी रिकामं ताट दाखवलं असतं तर मी रोज नमस्कार करून आत गेले असते.

लिहायलाही त्यांनीच लावलं. आधी मी रजिस्टरमध्ये नुसत्या खुणा करायची. ते म्हणाले, “वाक्य लिहा.” मी म्हटलं, “साहेब, आठवी झालेय.” ते म्हणाले, “डोळे कितवीपर्यंत शिकलेत?” मी लिहायला लागले. ‘ट्रक आला. ताडपत्री उजवीकडे फाटकी. ड्रायव्हर खोकतो.’ ते रोज वाचायचे. एकदा मी लिहिलं, ‘ट्रकवाला चोर वाटतो.’ त्यांनी पेनाने ‘वाटतो’च्या खाली रेघ ओढली आणि विचारलं, “काय दिसलं?” मी विचार केला. दिसलं काहीच नव्हतं. माणूस काळा होता आणि माझ्याशी उद्धट बोलला होता, एवढंच. मी ओळ खोडली. आता हे लिहिताना जिथे जिथे मी ‘वाटलं’ लिहिते तिथे ती रेघ मला दिसते. तरी लिहिते. आता वाचणारे ते नाहीत.

मागच्या दिवाळीनंतर पिशवीत एक मोठं तपकिरी पाकीट आलं, दवाखान्याचं. मग गोळ्यांच्या पट्ट्या. मग डब्यातली भाकरी गेली आणि पातळ खिचडी आली. मग खिचडी सकाळी जेवढी, तेवढीच संध्याकाळी परत जायला लागली. ते पिशवी उघडायचे, मी बघायची. पाकीट आडवं घालून लपवता आलं असतं. त्यांनी लपवलं नाही. पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, “दिसलं?”

“दिसलं, साहेब.”

“नोंद करायची नाही. तो माल फॅक्टरीचा नाही.”

मी कुणालाच सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही. त्या चार महिन्यांत मी गॅसचं बटण पाच-पाच वेळा बघायची. आमचे हे म्हणायचे, “तुला झालंय तरी काय?” मी म्हणायची, “ऊन लागलं.” हिवाळा होता तेव्हा.

ऊन तापायच्या सुमारास ते यायचे थांबले, आणि पंधरवड्यात खबर आली. सोलापूरच्या दवाखान्यातून त्यांना गावाकडे न्यायचं होतं, रस्ता आमच्या फाटकावरूनच. कामगारांनी मागणी केली, म्हणून शववाहिका दहा मिनिटं आत आली. अंगणात बायका रांगेत उभ्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी रांगेत. प्रत्येकीने फुलं वाहिली, बेलाची पानं वाहिली. शेवटी मॅनेजर साहेब आले. सॅम्पलच्या खोलीतून कोरी चादर मागवली, लाल-हिरवी, सोलापुरी, कोपऱ्याला आमच्या फॅक्टरीचं लेबल. फोटोवाल्याकडे बघून ती त्यांनी साहेबांच्या अंगावर घातली. दोन शब्द बोलले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना, दोघा-तिघांनी वाजवल्या.

गाडी वळून फाटकाशी आली. दांडा खाली होता. त्याची दोरी माझ्या हातात होती. एक ओढ, आणि साहेब गेले असते, इतकं सोपं होतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी दोरी सोडून त्याच्या खिडकीशी गेले.

“मागचं दार उघडा.”

पुढच्या सीटवर साहेबांचा पुतण्या होता. तो खाली उतरला. “अहो बाई, डोकं ठिकाणावर आहे का? आत कोण आहे माहीत नाही?”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “म्हणूनच.”

दार उघडलं. बाईसाहेब, म्हणजे त्यांची पत्नी, बाकावर बसल्या होत्या, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून. मागून मॅनेजर साहेब धावत आले. “काय चाललंय हे?”

“साहेब, या चादरीचा पास?”

“मेलेल्या माणसाला पास मागता?”

“माणसाला नाही साहेब. चादरीला.”

पासाचं पुस्तक टेबलावरच होतं. मी आणलं, पेन उघडून त्यांच्यापुढे धरलं. एक सही करायची होती. मी तासभर उभी राहिले असते. त्यांनी पेनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात पाठीमागे बांधले. सहा वर्षं या गेटातून पासाशिवाय सुताचा एक धागा न नेलेला माणूस. त्याला शेवटच्या खेपेला बिनपासाच्या मालासह बाहेर सोडायचं? तेही माझ्या हाताने?

यल्लव्वा माझ्या मागे होती. हळूच म्हणाली, “आज न्हाई गं अक्का. आज सोड.”

मी गाडीत चढले. फुलं बाजूला केली. चादर काढली, घडी घातली, टेबलावर ठेवली. परत चढून फुलं होती तशी लावली. तशीच लागली नसतील. मग दांडा वर केला. सलाम केला नाही. त्यांच्या फाटकावर सलामाची सवय त्यांनीच मोडली होती. मी ताठ उभी राहिले, गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत.

चार दिवस रांगेत माझ्याशी कुणी बोललं नाही. बायका पिशव्या उघडायच्या आणि दुसरीकडे बघायच्या. यल्लव्वा तर त्यानंतरही नाही. पाचव्या दिवशी ऑफिसात बोलावून तो कागद दिला. आत एसी होता. माझा घामाचा शर्ट पाठीला गार चिकटला. मी ‘कुटुंबीयांच्या भावना’ या शब्दांवर अडले. बाकीचं सगळं मला मान्य नव्हतंच, पण हे? मला माहीत नव्हतं. बाईसाहेबांनी त्या दिवशी माझ्याकडे एकदाच बघितलं होतं आणि ते बघणं मला वाचता आलं नव्हतं.

रविवारी एसटीने त्यांच्या गावी गेले. सोप्यात त्या एकट्याच ज्वारी निवडत बसल्या होत्या. मला बघून सूप बाजूला ठेवलं, आतून ताक आणलं. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

“दुखलं का, असं विचारायला आलीस?”

“होय, बाईसाहेब.”

“दुखलं. खोटं कशाला बोलू? तू फुलं उचललीस तेव्हा वाटलं, तुला गाडीतून खाली ढकलावं. अजून राग गेला नाही माझा.”

मी ताकाचा पेला खाली ठेवला.

“पण हे कुणी लिहिलं?” त्यांनी कागदावर बोट आपटलं. “मला कुणी विचारलं? माझ्या भावना यांना कुठे भेटल्या? तुला माफी मागायची असेल तर माझी माग. इथं. आत्ता.”

मी उठले, त्यांच्या पाया पडले. म्हटलं, “फुलं हलवली, चुकलं.”

“झालं,” त्या म्हणाल्या. सूप पुन्हा मांडीवर घेतलं, खडे वेचायला लागल्या. मग वर न बघता म्हणाल्या, “चादरीची मागू नकोस. ती अंगावर घेऊन घरी आले असते तर मला रात्रभर म्हणाले असते, परत दे, परत दे.”

परत येताना एसटीच्या खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता. दोन्ही बाजूंना काढून झालेली शेतं, कडब्याच्या गंजी. मला माझ्या गावची आठवण आली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अशा उघड्या शेतांतून जाताना मला तलाव आठवला नाही.

सोमवारी मी कागद तसाच परत दिला, सही न करता. मॅनेजर साहेब म्हणाले, “विचार केलाय ना? महिनाअखेरीला करार संपतोय तुमचा.” मी म्हटलं, “केलाय.” पाय तेव्हाही लटपटत होते, पहिल्यासारखेच. ते माझे पायच तसे आहेत. त्यांच्यावर मी आता फार विश्वास ठेवत नाही. ते लटपटतात आणि मी उभी राहते.

करार संपायला अकरा दिवस आहेत. अकरा दिवस हे फाटक माझं आहे आणि रोज संध्याकाळी प्रत्येक डिकी उघडणार आहे. जे म्हणतात, शिकलेली असती तर माणूस आणि नियम यातला फरक कळला असता, त्यांना माझं एवढंच सांगणं: नियम सगळ्यांना सारखा असावा म्हणून एक माणूस उन्हात अर्धा तास रांगेत उभा राहिला होता. त्या माणसाला निरोप देताना मी नियम वाकवला असता, तर निरोप कुणाला दिला असता?

मॅनेजर साहेबांनी यावर तोड काढली. कागद परत दिला त्या दिवसापासून त्यांची गाडी माझ्याकडे येतच नाही. मागच्या फाटकाने जाते, जिथून चिंध्या आणि भंगार बाहेर पडतं. तिथे शिवाप्पा असतो. पन्नाशी उलटलेला, अक्कलकोटच्या बाजूचा, निम्मं कानडी बोलणारा, कुत्रं भुंकलं तरी “सॉरी” म्हणणारा माणूस. काल जेवणाच्या सुट्टीत तो टोपी हातात घेऊन माझ्याकडे आला.

“अक्का, साब माझ्याकडून जाऊ लागलाय की रोज. काय करू मी?”

“काय करतोस?”

“सलाम मारतोय.” तो टोपी हातात फिरवत राहिला. “उघडा म्हणू काय?”

हो म्हण, असं अगदी ओठावर आलं होतं. पण त्याच्या घरी तीन पोरी आहेत, आणि माझ्या भांडणात मी त्याला कोणत्या तोंडाने ओढू? “मला विचारू नको शिवाप्पा,” मी म्हटलं. “तिथं तू उभा आहेस.”

त्याने टोपी घातली आणि तो मागच्या फाटकाकडे गेला.

आज भोंगा झाला, रांग लागली. आणि रांग मोडून यल्लव्वा पळत पुढे आली. भुवयांवर तूस, पदर खांद्यावरून घसरलेला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलत होती.

“अक्का! साहेबाची गाडी मागं अडकलीया! शिलाईच्या खिडकीतनं बगून आले!”

“काय झालं?”

“शिवाप्पा म्होरं हुबा हाय. हात जोडून हुबा हाय गं, निस्ता कापतोय. पर हलंना! हॉर्नवर हॉर्न चाललाय, तरी हलंना!”

रांगेतल्या सगळ्या बायका टाचा उंचावून मागच्या बाजूला बघायला लागल्या. हॉर्न मलाही ऐकू येत होता. लांबलचक, थांबून थांबून. मग तो बंद झाला, आणि त्या शांततेत डिकीचं झाकण वर झाल्याचा आवाज आला. इतक्या लांबून येणं शक्य नाही, पण आला.

“बघत काय बसलीस,” मी यल्लव्वाला म्हटलं. “रांगेत जा. पाळी आली की पिशवी उघड.”